वावडं ठरवायचं कशावर?

मुलाला इसब असतो, वरचेवर खोकला होतो किंवा अधूनमधून अंगावर गांधी उठतात. कुणीतरी सुचवतं, एकदा ॲलर्जीची टेस्ट करून टाका. दंडातून रक्त काढलं जातं आणि चार दिवसांनी रिपोर्ट हातात पडतो. गहू, तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणा, दूध, अंडं, कोळंबी, वांगं, केळं अशी साठ-सत्तर, कधी दोनशेच्या वर नावं, प्रत्येक नावापुढे आकडा आणि आकड्यापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. लाल ते सगळं बंद, पिवळं जपून. त्या दिवसापासून घरातल्या एका मुलाचं ताट बाकीच्यांपासून वेगळं होतं आणि पुढे कित्येक वर्षं वेगळंच राहतं, कारण बंद केलेलं पुन्हा कधी आणि कसं सुरू करायचं हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. या लेखातलं माझं म्हणणं एवढंच आहे की हा कागद म्हणजे निदान नव्हे. मुलाच्या रक्तात एखाद्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडं सापडणं वेगळं आणि ते अन्न मुलाला न सोसणं वेगळं. या दोहोंतलं अंतर जिथे शंका उरते तिथे एकाच रीतीने मिटतं: डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून मापून, तो पदार्थ मुलाला खाऊ घालून. यालाच फूड चॅलेंज म्हणतात. ही सोय आपल्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांतून नेहमीची व्हायला हवी, असं मला पुराव्यावरून वाटतं.

हा प्रश्न मुंबईतल्या देवनारमधून पाहण्याला कारण आहे. देशातली मुलं काय खातात आणि किती वाढतात याची मोजदाद ज्या संस्थेकडे आहे, ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था देवनारलाच, गोवंडी स्टेशन रोडवर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तिच्याच देखरेखीखाली होते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात ११.३ टक्के निघाली. आणि ज्या एम-पूर्व विभागात ही संस्था उभी आहे, त्याचा मानव विकास निर्देशांक २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत सर्वांत खाली, ०.०५ होता. एका बाजूला कचऱ्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कत्तलखाना, मध्ये दाटीची वस्ती. इथल्या मुलाला दूध, अंडं, दाणे, डाळ यांपैकी काहीही बंद करायला सांगणं ही लहान बाब नाही. शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं २०२३ च्या नोव्हेंबरात ठरलं आणि २०२५ च्या जानेवारीत राज्याने त्याचा निधी थांबवला. सधन घरात दूध बंद झालं तर बदामाचं दूध येतं, पनीर बंद झालं तर टोफू येतो. इथे दूध बंद झालं की त्या जागी चहा येतो.

आपल्या भाषेत या दुखण्याला शब्द पुष्कळ आहेत, पण ते सगळे एकाच पोतडीत पडलेले आहेत. एखाद्याला वांग्याचं वावडं असतं, कुणाला दूध बाधतं, कुणाला मासे सोसत नाहीत, कुणाला हरभऱ्याची डाळ मानवत नाही, आणि अंगावर लाल फुगवट्या आल्या की पित्त उठलं म्हणतात. वैद्यकाच्या दृष्टीने यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, आयजीई या प्रतिपिंडामुळे होणारी तत्काळ ॲलर्जी. पदार्थ पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, श्वासाला घरघर लागते, आणि वाईट प्रसंगी रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. दुसरी, प्रतिकारशक्तीचीच, पण आयजीईशी संबंध नसलेली, तासांनी किंवा दिवसांनी दिसणारी. तान्ह्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात ते बहुधा या जातीचं. तिसरी मुळात ॲलर्जीच नव्हे. दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडल्याने पोट फुगतं, जुलाब होतात, पण त्यात प्रतिकारशक्तीचा हात नसतो. त्वचेवरची आणि रक्तातली आयजीईची टेस्ट फक्त पहिल्या प्रकाराबद्दल काही बोलू शकते. बाकी दोन्हींबद्दल ती मुकी आहे. तरी तिन्ही तक्रारींचे पालक एकाच लॅबच्या दारात उभे केले जातात.

टेस्ट आणि आजार यांतली ही फट आजची नाही. ती टेस्टच्या जन्मापासूनची आहे. ब्रेस्लाऊ शहरात १९२१ साली कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर या दोन डॉक्टरांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. क्यूस्टनर यांना शिजवलेला मासा सोसत नसे. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झ यांच्या त्वचेत टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथे फुगवटी उठली. रक्तातला कुठला तरी घटक ॲलर्जी वाहून नेतो हे त्यातून सिद्ध झालं. तो घटक म्हणजे आयजीई, हे कळायला १९६६-६७ साल उजाडलं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे दांपत्य अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे तिथे पोचले. पण ब्रेस्लाऊच्या प्रयोगातली एक साधी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. प्राउस्निट्झ यांना माशाची ॲलर्जी नव्हती. त्यांच्या त्वचेचा तो एवढासा तुकडा ‘पॉझिटिव्ह’ होता, माणूस नव्हता. प्रतिपिंड असणं ही आजाराची एक अट आहे, आजार नव्हे, हे शंभर वर्षांपूर्वी त्या फुगवटीत दिसून गेलं होतं.

म्हणून टेस्ट टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. स्किन प्रिक टेस्टमध्ये पुढच्या हातावर किंवा पाठीवर अर्काचा थेंब ठेवून बारीक टोकाने त्वचा जेमतेम टोचतात आणि पंधरा मिनिटांनी फुगवटी मोजतात. शेजारी एक टोचा हिस्टामिनचा असतो, जो उठायलाच हवा, आणि एक साध्या द्रावणाचा, जो उठता कामा नये. मुलाने आठवडाभरात सर्दीची किंवा खाजेची अँटिहिस्टामिन गोळी घेतली असेल तर हिस्टामिनचाही टोचा उठत नाही आणि सगळी टेस्ट वाया जाते. साध्या द्रावणापेक्षा तीन मिलिमीटर मोठी फुगवटी आली की टेस्ट पॉझिटिव्ह. निगेटिव्ह आली तर तत्काळ ॲलर्जी नसण्याची खात्री बरीच मोठी असते, आणि हाच तिचा खरा उपयोग. फुगवटी जितकी मोठी तितकी शक्यता वाढते. मेलबर्नच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंड्याला सात आणि दूध-शेंगदाण्याला आठ मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या मुलांत चॅलेंज करून वेगळं काही कळत नव्हतं. तीन आणि आठ यांच्या मधला पट्टा मात्र अंधारा आहे, आणि बहुतेक पॉझिटिव्ह रिपोर्ट नेमके त्याच पट्ट्यातले असतात. रक्तातल्या आयजीईच्या आकड्यांनाही हेच लागू. त्यातून आपल्याकडे मिळणारे बरेच अर्क प्रमाणित नसतात, आणि काही ठिकाणी अन्नासाठी त्वचेच्या आत सुई घालून टोचण्याची पद्धत अजून चालते. अन्नाच्या बाबतीत ती करू नये असं जगभर मान्य आहे, कारण तिच्यात खोटे पॉझिटिव्ह आणखी वाढतात आणि धोकाही.

मूळ चूक टोचण्यात नाही, विचारण्यात आहे. अंडं खाल्ल्यावर वीस मिनिटांत ओठ सुजलेल्या मुलाची अंड्याची टेस्ट केली तर उत्तराला अर्थ असतो, कारण आधी प्रश्न आहे. काहीही न घडता रोज डाळभात खाणाऱ्या मुलाची डाळ आणि तांदळाची टेस्ट केली तर उत्तर आलं तरी त्याला प्रश्न नाही. हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या अन्नाची खरी ॲलर्जी शंभरात एकाला आहे आणि टेस्ट उरलेल्यांपैकी वीस जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. मग हाती आलेल्या एकवीस पॉझिटिव्ह कागदांपैकी एकच खरा. असे साठ पदार्थ एकत्र तपासले तर कोरा रिपोर्ट मिळणंच अवघड.

हे गृहीत आकडे वाटले, तर आपल्या शेजारच्याच राज्यातले प्रत्यक्ष आकडे याहून वेगळे नाहीत. युरोपीय सहकार्याने कर्नाटकात झालेल्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले, प्रौढांपैकी २६.५ टक्के लोकांत कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडली. लक्षणं आणि टेस्ट दोन्ही जुळणारी, म्हणजे संभाव्य ॲलर्जी फक्त १.२ टक्क्यांत. त्याच प्रकल्पाच्या मुलांच्या पाहणीत, २०२० साली, भारतातल्या शाळकरी मुलांत संभाव्य अन्न-ॲलर्जी ०.१४ टक्के निघाली. हाँगकाँगमध्ये ती १.५ टक्के होती. दिल्लीचा तांदळाबद्दलचा २००७ सालचा अभ्यास तर गाळणीसारखा वाचता येतो. दमा आणि सर्दीच्या १,२०० रुग्णांना विचारलं, तेव्हा १६५ जणांनी तांदूळ बाधतो असं सांगितलं. त्यांतल्या २० जणांची त्वचेची टेस्ट ठळक पॉझिटिव्ह आली. पुढे दहा जणांना, काय खातोय हे त्यांनाही आणि तपासणाऱ्यालाही कळू न देता, तांदूळ खाऊ घातला, आणि सहा जणांत ॲलर्जी पक्की झाली. आमच्या पंगतीत भात बाधतो म्हणणारे पुष्कळ असतात. खरोखर बाधणारे थोडे असतात, पण असतात हेही तितकंच खरं. हरभऱ्याच्या ॲलर्जीवर २००१ साली प्रसिद्ध झालेला पाटील, निफाडकर आणि बापट यांचा अभ्यासही अशाच आंधळ्या चॅलेंजवर उभा आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत शेंगदाणा आणि अक्रोडाचा बोलबाला असताना, बेसन रोज खाणाऱ्या समाजात हरभऱ्याकडे पाहायला हवं हे त्यांनी दाखवलं. आपल्या यादीची सुरुवात आपल्या ताटापासून व्हायला हवी, हा त्या कामाचा धडा टेस्टची पॅनेल छापणाऱ्यांनी अजून घेतलेला दिसत नाही.

टेस्ट उगाच पॉझिटिव्ह का येते याचं एक कारण देवनार-गोवंडीच्या घरांत शिरून पाहण्यासारखं आहे. कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रथिन असतं. कोळंबीच्या ॲलर्जीचं ते मुख्य कारण. तेच प्रथिन, थोड्याफार फरकाने, झुरळात असतं, गादीतल्या धुळीच्या सूक्ष्म किड्यांत असतं, जंतातही असतं. दमट मुंबईत, दहा बाय पंधराच्या खोलीत, मोरी आणि अंथरूण हातभर अंतरावर असलेल्या घरात वाढणाऱ्या मुलाचं शरीर झुरळ आणि धूळकिडे यांच्याविरुद्ध आयजीई बनवतं, आणि रिपोर्टवर कोळंबी लाल होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धर्माने कवचधारी जलचर वर्ज्य असलेल्या आणि ते कधीच न खाल्लेल्या सनातनी ज्यूंच्या रक्तात कोळंबीविरुद्ध आयजीई सापडली होती. मूळ ॲलर्जी धूळकिड्यांची होती. शिवाय जंतांमुळे एकूण आयजीईचा आकडा चढतो. म्हणून ‘एकूण आयजीई हजारावर आहे, मुलाला जबरदस्त ॲलर्जी आहे’ हे वाक्य ऐकलं की आधी जंताचं औषध कधी दिलं होतं ते विचारावं. त्या आकड्यावरून कुठल्याही अन्नाचं वावडं ठरत नाही.

मग ठरतं कशावर? १९७६ साली डेन्व्हरच्या नॅशनल ज्यूइश हॉस्पिटलमध्ये चार्ल्स मे यांनी दम्याच्या मुलांना संशयित पदार्थ कॅप्सूलमध्ये लपवून दिला आणि काय होतं ते नोंदवलं. तिथून पुढे ही पद्धत घासूनपुसून आजच्या रूपाला आली, आणि तिचा तपशील जवळून पाहण्याजोगा आहे. मुलाला बरं असेल अशाच दिवशी बोलावतात. दमा उसळलेला नको, ताप नको. वजन घेतात आणि पहिला घास देण्याआधीच ॲड्रेनॅलिनचा डोस काढून कागदावर लिहितात: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला ०.१५ मिलिलिटर, मांडीच्या स्नायूत. मग पदार्थ. बऱ्याच ठिकाणी तीन मिलिग्रॅम प्रथिनांपासून सुरुवात होते. दुधाच्या भाषेत तो ड्रॉपरमधला एखाद-दुसरा थेंब, एक दशांश मिलिलिटरच्याही आत. वीस ते तीस मिनिटं थांबायचं. मग दहा मिलिग्रॅम, मग तीस, शंभर, तीनशे, हजार आणि शेवटी तीन ग्रॅम, म्हणजे साधारण नव्वद मिलिलिटर, लहानसा पेला. शेंगदाण्यात हाच पल्ला दाण्याच्या कणापासून सुरू होऊन डझनभर दाण्यांवर संपतो. मधल्या प्रत्येक थांब्यात नर्स कपडे वर करून पोट-पाठ पाहते, आवाज ऐकते, छातीला स्टेथोस्कोप लावते. कान खाजवणारं, खेळता खेळता अचानक गप्प होऊन आईला बिलगणारं मूल आकड्यांपेक्षा जास्त सांगतं. दोन-तीन गांधी उठल्या, आवाज बसला, पुन्हा पुन्हा उलटी झाली की चॅलेंज तिथेच थांबतं आणि उपचार सुरू होतात. काहीच झालं नाही तरी शेवटच्या घासानंतर निदान दोन तास मुलाला सोडत नाहीत. काही घरचे लोक हे स्वतःच करून पाहायला निघतात. ते कधीही करू नये. घरात ड्रॉपर असतो, ॲड्रेनॅलिन भरलेली सिरिंज आणि ती टोचणारा सराईत हात नसतो.

अशा चॅलेंजमधून काय बाहेर पडतं? डेन्व्हरच्याच रुग्णालयातून २०११ साली आलेला अभ्यास याचं सर्वांत ठळक उत्तर आहे. १२५ मुलं, बहुतेक इसबाची, टेस्टच्या जोरावर कित्येक पदार्थ बंद केलेली. त्यांची ३६४ चॅलेंज झाली आणि ३२५, म्हणजे ८९ टक्के, निर्धोक पार पडली. दहापैकी नऊ वेळा बंदी उगाच होती. पालकांच्या नुसत्या संशयाची कथाही अशीच आहे. एस. ॲलन बॉक यांनी जन्मापासून तीन वर्षांपर्यंत ४८० मुलांचा मागोवा घेतला (१९८७). २८ टक्के मुलांना काहीतरी बाधतं असं घरच्यांना वाटत होतं, चॅलेंजमध्ये ८ टक्क्यांत ते खरं निघालं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मायेपोटी येतो: उगाच बंद केलं तर बिघडलं काय, सावधगिरी बरी. सावधगिरी फुकट नसते, हे आता नीट कळलेलं आहे. शिकागोतल्या डॉक्टरांनी २०१६ साली इसबाच्या २९८ मुलांची माहिती दिली. ज्यांना पूर्वी कधीच तत्काळ त्रास झालेला नव्हता आणि ज्यांचा पदार्थ इसबापोटी बंद केला, त्यांतल्या १९ टक्के मुलांना पुढे त्याच पदार्थाने खरीखुरी तत्काळ ॲलर्जी झाली. आतडं रोज भेटणाऱ्या अन्नाशी जुळवून घ्यायला शिकतं. भेट तुटली आणि फाटक्या त्वचेतून तेच अन्न शिरत राहिलं, की शरीर त्याला शत्रू मानू लागतं. लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने २०१५ साली हीच गोष्ट उलट्या बाजूने सिद्ध केली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत वर्ज्य ठेवला. सुरुवातीला टेस्ट निगेटिव्ह असलेल्यांत पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी वर्ज्य गटात १३.७ टक्के, खाणाऱ्या गटात १.९ टक्के. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २००० साली धोक्याच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असा सल्ला दिला होता आणि २००८ साली तो मागे घेतला. मधल्या आठ वर्षांत सावधगिरीनेच किती मुलांचं नुकसान झालं असेल, हा विचार अस्वस्थ करतो. कुपोषण हे दुसरं मोल. दूध बाधतं या खऱ्या-खोट्या समजुतीने तांदळाच्या पेयावर वाढवलेल्या काही मुलांना क्वाशिऑर्कर झाल्याचं अमेरिकेतून २००१ साली नोंदवलं गेलं. हा आजार भुकेच्या प्रदेशांतला मानला जातो, आणि तो सुबत्तेच्या देशात सल्ल्यामुळे झाला.

दुधाबद्दल थोडं वेगळं सांगावं लागतं, कारण आपल्याकडच्या तान्ह्या बाळांत खरी गाठ पडते ती दुधाशीच. इथे बऱ्याचदा आजार दुसऱ्या प्रकारचा, आयजीईविना असतो, त्यामुळे टेस्ट निगेटिव्ह येऊनही दूध सोसत नाही. भारतीय बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनाचा गाभा साधा आहे: दूध दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करून फरक पडतो का पाहायचं, आणि फरक पडला तर पुन्हा देऊन खात्री करायची. दुसरं पाऊल सगळ्यांत जास्त वगळलं जातं. बाळ बरं झालं की पुन्हा दूध द्यायला कुणाचा हात धजत नाही, आणि मग आपोआप थांबलेल्या जुलाबाचं श्रेय दूधबंदीला जातं. गाईचं सोसत नाही म्हणून शेळीचं देण्याची चाल जुनी आहे. पण गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की खरी ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊ बाळांना तिन्ही सारखीच बाधतात. शेळीच्या दुधाने बाळ सुधारलं, तर ॲलर्जी मुळात होती का, हाच संशय घ्यावा. दिलासा हा की दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते, आणि पुष्कळांना कच्चं दूध सोसत नसताना केकमध्ये भाजलेलं दूध सोसतं. पण ती गेली हे कळणार कसं? दर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा पाहूनच. एकदा लावलेलं लेबल न तपासता ठेवणं म्हणजे बरं झालेल्या मुलाला आजारी ठेवणं.

आता धोक्याचा प्रश्न, जो सर्वांत गंभीर आहे आणि टाळता येणार नाही. ज्याने जीव जाऊ शकतो तेच मुलाला खाऊ घालायचं? अमेरिकेतल्या पाच केंद्रांतल्या ६,३७७ चॅलेंजचा आढावा २०१७ साली आला. १४ टक्क्यांत काहीतरी त्रास झाला आणि २ टक्क्यांत ॲनाफिलॅक्सिस. त्याच वर्षी अलाबामात तीन वर्षांचा एक मुलगा दुधाच्या चॅलेंजनंतर दगावला. हे सांगितल्याशिवाय कुठल्याही पालकाची संमती घेऊ नये. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावं. चॅलेंज न झालेलं मूल काही खातच नाही असं नाही. ते वाढदिवसाला, पंगतीत, शेजारच्या घरी खातं, तिथे डोस मोजलेला नसतो आणि ॲड्रेनॅलिनही नसतं. शिवाय चॅलेंज सगळ्यांचं करायचं नसतं. दाणे खाल्ल्यावर दहा मिनिटांत श्वास अडकला होता आणि टेस्टही जोरात पॉझिटिव्ह आहे, अशा मुलाचं निदान झालेलं आहे. त्याला पुन्हा खाऊ घालणं क्रौर्य ठरेल. चॅलेंज अंधाऱ्या पट्ट्यातल्यांसाठी आहे.

काही जण म्हणतील, ०.१४ टक्के मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला? हा आकडा सात ते दहा वर्षांच्या शाळकरी मुलांचा आहे. दुधाची ॲलर्जी बहुतेकांची त्याआधीच गेलेली असते, म्हणजे बाळांचा आकडा यावरून कळत नाही. आणि तो उद्याही असाच राहील याची हमी नाही. मेलबर्नमध्ये एक वर्षाच्या दहातल्या एकाहून जास्त बाळांत चॅलेंजने सिद्ध झालेली अन्न-ॲलर्जी सापडली, आणि तिथे जन्मलेल्या आशियाई आईबापांच्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी गोऱ्या मुलांहूनही जास्त निघाली. आशियात जन्मून नंतर तिकडे गेलेल्या मुलांना मात्र संरक्षण दिसलं. ऑस्ट्रेलियात बिऱ्हाड थाटलेल्या आपल्या घरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको: संरक्षण रक्तात नाही, राहणीत आहे. आपल्या घरांत दाण्याचं कूट भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत लवकर आणि सतत पोटात जातं. ते भाजलेलं असूनही आपल्याकडे ही ॲलर्जी कमी आहे, म्हणून ‘ते भाजतात, आपण उकडतो’ हा लाडका खुलासा मला पुरेसा वाटत नाही. लवकर आणि सतत खाणं हेच कारण असण्याचा संभव जास्त. तसं असेल, तर लाल रंगाचा रिपोर्ट वाचून बाळाचं कूट बंद करणं म्हणजे हातची ढाल टाकणं. दुर्मीळपणाचा मुद्दा तर उलट माझ्याच बाजूने जातो: आजार जितका विरळा तितके पॉझिटिव्ह कागद जास्त खोटे.

पैशाचा मुद्दा खरा आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. चॅलेंजला लागतं ते दूध, अंडं किंवा दाणे, एक वजनकाटा, एक खाट, ऑक्सिजन, नेब्युलायझर, शिकवलेली नर्स आणि ॲड्रेनॅलिनचं स्वस्त काचेचं ॲम्प्यूल. महाग काही असेल तर तो डॉक्टरचा अर्धा दिवस. गोवंडीच्या शताब्दी किंवा घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयाच्या बालविभागात आठवड्यातून एक सकाळ, दोन खाटा, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. वर्षाला शे-दोनशे मुलांची ताटं मोकळी होतील. रक्ताच्या पॅनेलवर घरं जो पैसा घालवतात त्यातलाच हा खर्च आहे, फक्त तो आज चुकीच्या जागी जातो. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या ‘अन्न-असहिष्णुता’ टेस्टबद्दल तर फार बोलावंसं वाटत नाही. आयजीजी म्हणजे ते अन्न शरीराला ओळखीचं झाल्याची खूण. युरोपच्या ॲलर्जी संघटनेने २००८ साली आणि कॅनडाच्या संघटनेने २०१२ साली, अन्न-ॲलर्जीच्या निदानासाठी ती वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं. रोज खाल्लेली पोळी त्यात वर येते, यात नवल काय? ‘पण बंद केल्यावर बरं वाटलं’ हा अनुभव मी खोटा मानत नाही. दोनशेतली चाळीस नावं बंद केली की बेकरीचं, तळलेलं आणि पाकिटातलं खाणंही बंद होतं आणि कुणालाही बरं वाटतं. ते चाळीसांपैकी कशामुळे, हे पुन्हा एकेक सुरू केल्याशिवाय कळत नाही.

ज्यांची ॲलर्जी खरी ठरते त्यांचं काय, हेही याच प्रश्नाचं अंग आहे. पाकिटावर ॲलर्जीकारक घटक लिहिण्याचा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० सालच्या लेबलिंग नियमांत घातला. त्या यादीत दूध, अंडं, मासे, शेंगदाणा, सोयाबीन आहेत, पण तीळ आणि मोहरी नाहीत, आणि आपल्या स्वयंपाकात या दोन्ही आहेत. वडापावच्या गाडीवर तर लेबलच नसतं, तिथे चटणीतले दाणे विचारूनच कळतात. परदेशात खिशात मिळणारं ॲड्रेनॅलिनचं पेन इथे सहजी मिळत नाही. ॲम्प्यूल फोडून सिरिंजमध्ये मोजून भरायला आई-वडिलांना शिकवावं लागतं. खऱ्या ॲलर्जीच्या मुलाकडे हे सगळं लक्ष पोचायचं असेल, तर खोट्या लेबलांची गर्दी आधी हटायला हवी. शाळेत प्रत्येक वर्गात पाच मुलांना ‘ॲलर्जी’ असली की बाई सहाव्याचं गांभीर्याने घेत नाहीत, आणि तो सहावाच धोक्यात असतो.

चॅलेंज पार पडलं म्हणजे काम संपलं असंही नाही. जिनिव्हातल्या डॉक्टरांनी २००६ साली पाहिलं, तर निर्धोक पार पडलेल्या मुलांपैकी चौथा हिस्सा नंतरही तो पदार्थ टाळतच होता. भीती रिपोर्टच्या आधी येते आणि त्याच्या मागे राहते. म्हणून घरी निघताना आईच्या हातात जो कागद द्यायचा, त्यावर नुसतं ‘ॲलर्जी नाही’ लिहून भागत नाही. त्यावर लिहावं लागतं: उद्यापासून, आठवड्यातून निदान दोनदा, उकडलेलं एक अंडं, इतर भावंडांबरोबर, त्याच ताटात. आणि महिन्याने फोन करून विचारावं लागतं, खातोय ना?